समोरची जागा

पुस्तकाला पाठ असते, हे मला बोलता यायला लागलं तेव्हापासून माहीत आहे. भद्रकालीत आमच्या बाबांचं बाइंडिंगचं दुकान होतं. आठ बाय दहाची खोली, भिंतीला लावलेले पुठ्ठे, कोपऱ्यात खळीचं पातेलं आणि मधे बाबा. कुणी पुस्तक पालथं टाकून उठलं की बाबा गिऱ्हाइकाचाही मुलाहिजा ठेवत नसत. ‘‘तुमची पाठ अशी मोडली तर चालेल का?’’ असं तोंडावर विचारायचे. थुंकी लावून पान उलटणाऱ्याला तर ते पुन्हा पायरी चढू देत नसत. दुकान गेलं, बाबा गेले, शिस्त मात्र माझ्या अंगात राहिली, आणि तिचा मला ताठाही होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात चूक कुणाची याचा शोध घेत बसायला नको.

नाशिकच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं शिशुवर्ग सांभाळला. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या वरणाला नावं ठेवण्यापेक्षा काहीतरी करावं, म्हणून एका संस्थेत गेले. ही संस्था पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर बालवाड्या चालवते. तिथलं सगळं बघणारे धनराज सर म्हणाले, ‘‘मोहिनीताई, पोरं हुशार आहेत. पण घरात छापलेला कागद नावाला नाही. पुस्तक धरायचं कसं, उघडायचं कुठून, इथपासून सुरुवात आहे.’’

‘‘तेवढंच तर मला येतं,’’ मी म्हटलं. तेव्हा ते विनयानं म्हटल्यासारखं वाटलं असेल, पण मनात मी चांगली फुगले होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातची पेठची गाडी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून धरायची, घाट ओलांडायचा, फाट्यावर उतरून अर्धा तास चालायचं. पाड्यावर समाजमंदिराची एक खोली होती. मदतीला तिथलीच सुवर्णा. मुलं चौदा. संस्थेनं पत्र्याच्या पेटीतून बावीस चित्रांची पुस्तकं पाठवली होती, कोरी, अजून शाईचा वास असलेली.

पहिल्याच आठवड्यात दोन पुस्तकांची पानं फाटली. एक पुस्तक कुणीतरी पाण्यात नेलं, कारण त्यात मासा होता. मला इतका संताप आला की मी बावीसच्या बावीस पुस्तकं पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. फाटलेली दोन घरी आणून शिवली. त्यानंतर माझी पद्धत ठरली. सगळ्यांनी बाहेरच्या नळावर हात धुवायचे, मांडी घालून गोल बसायचं, मधे एक पाट, पाटावर एक पुस्तक. पुस्तकाला हात फक्त बाईंचा. ज्याचं वागणं चांगलं, त्याला त्या दिवशी एक पान उलटायला मिळायचं, तेही दोन बोटांनी, वरच्या कोपऱ्यातून.

‘‘हे याचं तोंड,’’ मी मुखपृष्ठावर तळवा ठेवून सांगायची. ‘‘ही पाठ. पाठ कधी मोडायची नाही. इथून उघडायचं. गोष्ट इथं वर, या कोपऱ्यात सुरू होते. बोट असं असं जातं. ओळ संपली की परत मागे यायचं आणि एक पायरी उतरायचं.’’ मुलं हवेत बोटं फिरवायची. त्यांचं सगळ्यात लाडकं खेकड्याचं पुस्तक होतं. पावसाळ्यात खेकडे धरायला जाणारी मुलं ती, त्यांना खेकड्याची गोष्ट सांगायला लागत नव्हती. पाणी आलं. खेकडा निघाला. आडवा आडवा चालला. अशी बारा पानं. एकदा मी त्यांना पुस्तक बनतं कसं तेही दाखवलं. जुने कागद घेऊन मधोमध दुमडले, पाठीत तीन भोकं पाडली आणि दोरा ओवून गाठ मारली. त्या दिवशी खोली चिडीचूप होती.

तृप्ती त्या चौदांतली एक. सहावं लागलेलं, अंगानं काडी, आणि कडेवर सतत मयूर, तिचा दोन-अडीच वर्षांचा भाऊ. आईबाप शेतावर, म्हणून मयूर तिच्याबरोबर बालवाडीत. हा मयूर म्हणजे नुसता हात होता. दिसेल ते ओढायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं पाटावरच्या पुस्तकाला हात घातला, तेव्हा मी तृप्तीला उठवलं आणि समोर, दाराजवळ बसवलं. तिथून त्याचा हात पोचत नव्हता आणि तो रडायला लागला तर तिला पटकन बाहेर जाता येत होतं.

‘‘ही तुझी जागा,’’ मी म्हटलं. ‘‘इथून हलायचं नाही.’’

ती हलली नाही. बाजूची मुलं सरकत सरकत माझ्या मांडीला येऊन चिकटायची, मी त्यांना ढकलायची, ती परत चिकटायची. तृप्ती जुलैपासून दिवाळीपर्यंत दारात बसली, मयूरला मांडीत आवळून, मान पुढे काढून. गोष्ट चालू असताना तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं, भावाला गप्प करतेय.

दसऱ्यानंतर पाड्यावरची निम्मी घरं बंद व्हायला लागतात. लोक खाली जातात, निफाडकडे, दिंडोरीकडे, द्राक्षाच्या बागांवर. मुलं बरोबर जातात आणि मोठी मुलगी असेल तर ती धाकट्यांना सांभाळते. ते थांबावं म्हणून संस्थेनं त्या वर्षी पेठमध्ये सगळ्या पाड्यांवरच्या मिळून आठ मुलांना ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. जेवणखाण, झोपायला गादी, दिवसा बालवाडी, आणि जूनमध्ये थेट पहिलीत. आठच जागा. कुणाला घ्यायचं ते बालवाडीच्या बाईंनी सांगायचं, आणि त्यासाठी एक कागद होता. त्यावर दहा प्रश्न. पहिलाच प्रश्न, पुस्तक सरळ धरते का?

तृप्तीचे वडील, जयराम, एका शुक्रवारी मुद्दाम थांबले. टोपी हातात घेऊन दाराबाहेर उभे. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

‘‘बाई, पोरीला ठेवून घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘धाकट्याला आमी पाठीवर नेऊ, तिची आई करील काय तं. हिला नका लावू माघारी. घरात एक तरी वाचणारं पायजे. हिला लय नाद हाय, घरी पन बोट फिरवती भिताडावर.’’

‘‘बघू,’’ मी म्हटलं. ‘‘कागदावर जे येईल ते येईल. माझ्याकडे वशिला चालत नाही.’’ मोठ्या ऐटीत म्हटलं होतं.

परीक्षा मी बाहेर ओट्यावर घेतली. एकेक मूल माझ्या शेजारी बसायचं आणि मी त्याच्या हातात पुस्तक द्यायची. चार महिन्यांत मुलांच्या हातात अख्खं पुस्तक त्या दिवशी पहिल्यांदा आलं. हे आज लिहिताना माझा हात थांबतो. तेव्हा नाही थांबला.

तृप्ती आली. मयूरला सुवर्णाकडे दिलं होतं. तिनं हात धुतले होते, तरी पुन्हा फ्रॉकला पुसले. मी खेकड्याचं पुस्तक नीट सरळ करून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते पाहिलं, थोडी गोंधळली, आणि दोन्ही हातांनी उचलून उलटं केलं. डोकं खाली, पाय वर. मी ते परत सरळ केलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच परत फिरवलं.

‘‘पुस्तकाचं तोंड कुठं?’’

तिनं मुखपृष्ठावर तळवा ठेवला, अगदी मी ठेवते तसा.

‘‘उघड.’’

तिनं नको त्या बाजूनं उघडलं. कोपरा मात्र दोन बोटांनी धरला होता.

‘‘गोष्ट कुठं सुरू होते?’’

तिचं बोट पानाच्या खालच्या टोकाला गेलं, उजव्या कोपऱ्यात. मी कपाळाला हात लावला.

‘‘वाच.’’

तिचं बोट उजवीकडून डावीकडे निघालं, ओळ संपली तसं परत उजवीकडे आलं आणि एक पायरी वर चढलं. तोंडानं ती पुटपुटत होती, ‘‘पाणी आलं. खेकडा निघाला.’’ शब्द बरोबर होते. मी म्हटलं, झालं, ही पोपटपंची. ऐकून पाठ केलंय आणि बोट आपलं फिरवायचं म्हणून फिरवतेय.

‘‘अगं, नीट बघ,’’ मी चित्रावर टिचकी मारली. ‘‘खेकडा उताणा पडलाय. दिसत नाही का तुला?’’

तिनं वाकून, खरंच नीट पाहिलं. मग म्हणाली, ‘‘तो असाच अस्तो ना, बाई.’’

मला हसू आलं. मी सुवर्णाला हाक मारून सांगितलं, ऐकलंस का, खेकडा म्हणे असाच असतो. सुवर्णाही हसली. तृप्ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि मग तीही थोडीशी हसली, आम्हाला बरं वाटावं म्हणून. कागदावर मी दहा फुल्या मारल्या. खाली शेरा लिहायला एक ओळ होती. तिथं लिहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. धनराज सरांना माझे शेरे आवडायचे.

जयराम विचारायला आले तेव्हा तृप्ती त्यांच्या धोतराला धरून उभी होती. पोरांच्या पुढ्यात बोलू नये हे मी नव्या शिक्षिकांना बत्तीस वर्षं शिकवत आले. तरी बोलले.

‘‘हिला अजून पुस्तक धरायचंही कळत नाही हो. आठच जागा आहेत. राहू दे या वर्षी.’’

जयरामांनी टोपी डोक्यावर चढवली. ‘‘तुमी म्हनता तं तसंच असंल,’’ ते म्हणाले. ‘‘आमाला काय कळतं त्यातलं.’’

तृप्तीनं नुसती मान वळवून आतल्या पाटाकडे पाहिलं. दिवाळी झाली आणि ते गाडीत बसून खाली गेले.

जानेवारीत माझ्या गुडघ्यानं दगा दिला. नाशिकच्या डॉक्टरांनी मांडी घालायची नाही म्हणून सांगितलं. पाड्यावर आता सहाच मुलं उरली होती. मी दाराशी खुर्ची घेतली, पाय लांब केला आणि वाल्मीकला म्हटलं, ‘‘आज तू बाई हो.’’ वाल्मीक म्हणजे कायम माझ्या डाव्या मांडीला चिकटलेला. तो उड्या मारत माझ्या जागेवर गेला, पाटावर खेकड्याचं पुस्तक ठेवलं, स्वतःकडे तोंड करून, आणि माझ्या आवाजात सुरू झाला.

‘‘हात धुतले का? मांडी घाला. ए, ढकलू नको. हे याचं तोंड. ही पाठ.’’

माझी नक्कल त्यानं हुबेहूब केली. पदर सारखा करण्यासकट. मी हसून हसून पुढे वाकले आणि पाटावरच्या पुस्तकाकडे माझं लक्ष गेलं.

खेकडा उताणा पडला होता.

‘‘गोष्ट इथं वर, या कोपऱ्यात सुरू होते,’’ वाल्मीक म्हणाला आणि त्यानं बोट ठेवलं. माझ्या बाजूनं ते बोट खाली होतं, उजव्या टोकाला. ‘‘पाणी आलं,’’ तो म्हणाला, आणि बोट माझ्याकडून पाहताना उजवीकडून डावीकडे निघालं. ओळ संपली. बोट परत आलं आणि एक पायरी वर चढलं.

मी तृप्तीच्या जागेवर बसले होते.

लगेच कळलं असं नाही. आधी मी अजून वाकून ते पान पुन्हा पाहिलं. मग एकेक प्रश्न आठवायला लागला. तोंड कुठं, उघडायचं कुठून, गोष्ट कुठं सुरू होते, बोट कसं जातं. चार महिने तिला पुस्तक जसं दिसलं, तसं तिनं ते मांडीवर ठेवलं होतं आणि मी शिकवलं तसं, अक्षरशः मी शिकवलं तसं, वाचलं होतं. तिच्या बोटाखाली तोंडातला शब्दच होता. पोपटपंची नव्हती ती. बाजूची मुलं सरकून माझ्याकडे आली म्हणून त्यांना सरळ दिसलं. हिला मी सांगितलं होतं, इथून हलायचं नाही. दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती. आणि तिनं मला सांगितलंही होतं, तो असाच असतो ना, बाई. मी हसले होते.

मी मुलांसमोर रडले. सुवर्णा पाणी घेऊन धावली, तिला वाटलं गुडघा. वाल्मीक बिचारा घाबरून माझ्या जागेवरून उठला आणि म्हणाला, ‘‘बाई, मी परत नाय करनार.’’

पदराची किल्ली सोडून मी पेटी उघडली आणि बावीसच्या बावीस पुस्तकं जमिनीवर पसरली. घ्या म्हटलं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

धनराज सरांकडे त्याच संध्याकाळी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. ‘‘ताई, जागा भरल्यात. पुढच्या वर्षी बघू.’’

‘‘पुढच्या वर्षी तिला सातवं लागेल आणि वाटेल आपण ढ आहोत. आत्ताच वाटत असेल,’’ मी म्हटलं. ‘‘नववी गादी माझ्या घरून आणते. जेवणही देते. नाहीतर पेठला येऊन मी तिच्या शेजारी जमिनीवर झोपेन, तुम्ही मला हाकला.’’ मी अशी बोलायला लागले की माझा मुलगाही वाद घालत नाही. सर म्हणाले, आणा तिला. मी घरी जाऊन खरंच गादी काढली, उन्हात टाकली, तिला नवा अभ्रा घातला. एवढं सगळं करताना एकदाही मनात आलं नाही की ती नाही म्हणेल.

सुवर्णानं फोन करून करून पत्ता काढला. विंचूरच्या अलीकडे एक बाग, कॅनॉलच्या कडेला. रविवारी ठक्कर बाजार स्टँडवरून येवल्याची गाडी धरली. पिशवीत खेकड्याचं पुस्तक होतं, आणि एक नवा फ्रॉक. वरातीमागून घोडं, तरी घोडं सजवून निघालं होतं.

घडांना कागद लावायचं काम चालू होतं. ऊन लागून द्राक्षाचा रंग बिघडू नये म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. अख्ख्या बागेत रद्दी लटकलेली. बायका भराभर कागद लावत पुढे सरकत होत्या, आणि निम्मे कागद उलटे लागत होते. घडाला काय फरक पडतो? माझी नजर मात्र त्या उलट्या मथळ्यांवरून हलेना.

जयरामांनी मला पाहिलं आणि ओळीतून बाहेर आले. हात झटकले, पाणी पाहिजे का विचारलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक माझी होती, तिची नव्हती. तिला सगळं येत होतं. मी तिला उलट्या बाजूला बसवलं होतं. आता जागा आहे, मी घ्यायला आले आहे.

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, ‘‘आसं व्हय.’’ मग म्हणाले, ‘‘मंग तिला येत व्हतं म्हना.’’ त्यांनी बायकोला हाक मारून तेच सांगितलं, ‘‘आगं, तिला येत व्हतं.’’ बायकोच्या हातातला कागद तसाच राहिला.

‘‘तिची मर्जी असंल तं न्या, बाई,’’ जयराम म्हणाले. ‘‘तिकडं झोपडीत हाय, मयूरपाशी. पन आता ती वाचायचं नाव काढत नाय. मला म्हनली, बाबा, मी नाय शिकनार, मी मयूरला शिकवनार.’’

झोपडी हिरव्या जाळीची होती. मी आवाज न करता गेले, गुडघ्यामुळे तशीही सावकाशच चालत होते. दारापाशी थांबले.

जमिनीवर एक वीट होती, पाटाच्या जागी. विटेवर एक पुस्तक. वर्तमानपत्राचे तुकडे मधोमध दुमडून केलेलं. पाठीत तीन भोकं, बाभळीच्या काट्यानं पाडलेली असावीत, आणि त्यातून सुतळी ओवून गाठ मारलेली. बाइंडरची मुलगी आहे मी, शिलाई बघते आधी. शिलाई सरळ होती.

विटेच्या एका बाजूला मयूर बसला होता, पुस्तक त्याच्याकडे तोंड करून. तृप्ती समोर. दाराकडे पाठ.

‘‘हे याचं तोंड,’’ ती सांगत होती. ‘‘ही पाठ. मोडायची नाय.’’ मग तिनं पान उघडलं आणि छापलेल्या ओळींवरून शोधत शोधत बोट नेलं. तिच्या बाजूनं उजवीकडून डावीकडे. ‘‘हे बघ, पाणी. म्हन, पाणी.’’

‘‘पानी,’’ मयूर म्हणाला.

‘‘आनी हितं पन पाणी.’’

मी पुढे होऊन पाहिलं. दोन्ही ठिकाणी पाणीच लिहिलं होतं. धरणातलं पाणी, पाणीपुरवठा, असं काहीतरी. बारीक ठशातलं. तिनं ते उलट्या बाजूनं ओळखलं होतं.

‘‘तृप्ती,’’ मी म्हटलं.

ती दचकून उठली आणि विटेवरचं पुस्तक तिनं मागे लपवलं. मी खाली बसले. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तशी, मांडी घालून. तिला सांगितलं की बाई चुकल्या. बाईंनी तुला उलट्या जागी बसवलं. तू बरोबर वाचलं होतंस, सगळं, अगदी सगळं बरोबर. आता पेठला चल. तुझ्यासाठी गादी आहे. तिथं तू माझ्या शेजारी बसायचं, इकडे, या बाजूला. हे बघ, खेकड्याचं पुस्तक. धर.

तिनं पुस्तकाकडे पाहिलं. हात मागेच ठेवले.

‘‘माला नाय येत, बाई. माला उलटं दिसतं.’’

‘‘ते माझ्यामुळे, बाळा. आठ दिवसांत सरळ येईल.’’

‘‘एकच जागा हाय का?’’ तिनं विचारलं.

‘‘हो. पण तुझीच आहे.’’

मग तिनं मयूरच्या डोक्यावर हात ठेवून त्याला माझ्याकडे थोडं ढकललं.

‘‘मंग ह्याला न्या. ह्याला मी सरळ बाजूनं बसवलंय. ह्याला सरळ दिसतं.’’

तो अजून लहान आहे, मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. जयराम आले, त्यांनीही दोनदा विचारलं, जातीस का गं बाईंबरोबर? ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मान हलवत राहिली. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘भ्याली ती, बाई. तुमाला भेती.’’ मला कुणी आयुष्यात असं बोललं नव्हतं, आणि ती बाई काही टोचून बोललीही नव्हती. जे होतं ते तिनं सांगितलं.

नवा फ्रॉक मी आईच्या हातात दिला. पुस्तक विटेवर ठेवलं. ‘‘हे तुमचं,’’ मी म्हटलं. ‘‘फाटलं तरी चालेल.’’ बाबा गेल्यापासून हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं असेल.

मी उठले, पिशवी घेतली, तेव्हा तृप्ती आईमागून बाहेर आली. तिनं मयूरला कडेवर घेतलं, बाहेरच्या पिंपापाशी नेलं आणि मगानं पाणी घालून त्याचे हात धुतले. बोटं एकेक करून चोळली. मग आपल्या फ्रॉकला पुसून कोरडे केले आणि त्याला विटेपाशी आणून बसवलं, खेकडा त्याच्याकडे सरळ करून. स्वतः समोर बसली.

‘‘आणि तुझे हात?’’ मी विचारलं. सवय, दुसरं काय.

‘‘मी कुठं शिवनार हाय, बाई,’’ ती म्हणाली आणि हात मांडीखाली घालून बसली.

मयूरनं आपल्या धुतलेल्या बोटांनी पान उलटलं. तिनं समोरून, उलट्या बाजूनं, वाचायला सुरुवात केली.